एकवीस खिळे आणि बाकी सगळी फुलं

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच कबूल. बसायला नकोच. जिच्यावर पहिल्या फटक्यात विश्वास बसतो ती गोष्ट कसली, ती बातमी. तेव्हा ज्यांना पुरावे लागतात त्यांनी खुशाल उठून जावं, ज्यांना लागत नाहीत त्यांनी जरा पुढे सरकावं, आणि तिकडे खिडकीपाशी वाटाणे सोलत बसलेल्या बाईंनी आत्तापासून हसू नये. हसण्यासारखं अजून काही सांगून झालेलं नाही.

तर काटेवाले. वजनकाटे दुरुस्त करायचा त्यांचा धंदा, म्हणून काटेवाले. खरं नाव बहुधा त्यांच्या दाढी करणाऱ्यालाही माहीत नसेल. सोनाराच्या चिमुकल्या तराजूपासून गोदामातल्या ट्रक तोलणाऱ्या काट्यापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. हात तर असा की बोलायची सोय नाही. एकदा एका किराणा दुकानात काटा तपासताना मान वर न करता म्हणाले, “माशी उठवा.” पारड्यावर खरंच माशी बसली होती. ती उडाल्यावर म्हणाले, “आता पारडं पुसून घ्या, पाय ओले होते तिचे.”

अशा माणसाच्या घरात लग्न निघालं. एकुलत्या एक लेकीचं.

लेक बापाच्या वळणावर गेलेली. जिना चढताना पायऱ्या मोजणारी, दुकानदाराने सुटे पैसे दिले की त्याच्यासमोरच पुन्हा मोजणारी. हट्ट असा तिने आयुष्यात एकदाच केला होता, नऊ वर्षांची असताना, कंपासपेटीसाठी. त्यानंतर थेट लग्न ठरल्यावर. रात्रीचं ताट पुढे ओढत ती म्हणाली, “बाबा, बाकी तुम्ही म्हणाल तसं. पण फुलं मात्र भरपूर असू देत. मी आत पाऊल टाकलं की चहूकडे फुलं दिसायला हवीत.”

“दिसतील,” काटेवाले म्हणाले. शब्द देऊन बसले.

तोवर हॉल ठरला नव्हता, हीच गोम. दुसऱ्या दिवशी व्याही आले. व्याही मोटार शिकवायचा क्लास चालवायचे, त्यामुळे दुसऱ्याच्या वाटचा ब्रेक आपणच दाबायची त्यांना सवय. म्हणाले, “हॉल मी घेऊन टाकला. आमच्याकडून. तुम्ही फक्त फुलांचं बघा.”

हे ‘फक्त’ काटेवाल्यांनी दुपारी टेप घेऊन मोजलं. पूर्वी तिथे दोऱ्याच्या रिळांचं गोदाम होतं. छत इतकं उंच की वर कबुतरांच्या तीन पिढ्या खालचं जग न पाहता नांदत होत्या. लांबी एकतीस मीटर, रुंदी एकोणीस. हातभर जागेला अमुक ग्रॅम फुलं असा हिशेब मांडला आणि आकडा आला एकशे चाळीस किलो. मग त्यांनी कपाटातलं पाकीट काढलं. रविवारची कामं करून साठवलेले, फुलांसाठी म्हणून वेगळे ठेवलेले पैसे. बाजारात विचारून विचारून पाहिलं. पाकिटात बसत होती अठ्ठावीस किलो.

म्हणजे पाचांतला एक हिस्सा. पाच भिंतींमधली एक म्हणावी, तर हॉलला भिंती चारच होत्या.

बायको म्हणाली, “व्याह्यांना सांगा, निम्मी फुलं तुमची.”

“शब्द मी दिलाय,” काटेवाले म्हणाले.

“मग लेकीला सांगा.”

“तिने मागितलंय काय आजवर?”

यावर बायको गप्प बसली. ती गप्प बसली की काटेवाल्यांना घर दोन किलोने जड झाल्यासारखं वाटायचं.

तर ते गेले कात्रीबाईंकडे.

कात्रीबाईंचं दुकान म्हणजे बोळासारखी लांबट खोली. दोन्ही बाजूंना बादल्या, बादल्यांत फुलं, जमीन कायम ओली. एकच पंखा, तोही फुलांच्या दिशेने. गिऱ्हाइकाने घाम पुसत उभं राहायचं. बाईंच्या गळ्यात सुतळीला बांधलेली कात्री, बोटं देठांच्या चिकाने हिरवट, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. माणसांशी त्या कामापुरतं बोलायच्या आणि फुलांशी तासन्‌तास. सकाळी त्यांनी शटर वर केलं की मान टाकलेले गुलाब ताठ व्हायचे, साहेब आल्यावर कचेरी होते तसे. हे पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. पत्ता मात्र विचारू नये.

काटेवाल्यांनी काखेतला काटा टेबलावर ठेवला, पातळी नीट केली आणि विचारलं, “किलोचा भाव काय?”

“कशाचा?”

“फुलांचा. सरसकट.”

बाईंनी वर पाहिलं. “लाकडाची वखार पलीकडच्या गल्लीत.”

काटेवाले हलले नाहीत. त्यांनी गुलाबाची एक जुडी रोख पैसे देऊन घेतली, जोखली, आकडा लिहिला आणि निघून गेले. संध्याकाळी तीच जुडी घेऊन परत हजर. पुन्हा जोखली.

“सकाळपेक्षा नव्वद ग्रॅम कमी,” ते म्हणाले. “लग्न संध्याकाळी आहे. फुलं तुम्ही सकाळी देणार. ही मधली तूट कुणी सोसायची?”

“पाण्यात ठेवली होती का?”

“छे. पाण्यात ठेवली तर पाण्याचं वजन धरलं जाईल.”

कात्रीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. तीस वर्षांत त्यांनी नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. निळा गुलाब मागणारी, प्लास्टिकचा हुंगणारी, बायकोला आणि आणखी कुणाला एकाच रंगाची जुडी नेणारी. पण दिवसभर गुलाबाला काट्यावर बसवून त्याला पाणी न पाजणारा माणूस हा पहिलाच.

“तुमची वाफ मी घरपोच पाठवून देते,” त्या म्हणाल्या. “ती जुडी इकडे द्या आधी. मारलीत बिचारीला.”

त्यांनी जुडी हातात घेतली आणि न बघता, न मोजता म्हणाल्या, “एकोणीस देठ. तुम्ही वीस नेले होते. एक खिशात आहे.”

काटेवाल्यांनी खिशातून एक गुलाब काढला. लेकीसाठी ठेवला होता. त्याचं वजन त्यांनी नव्वदच्या हिशेबात आधीच वगळलं होतं.

इथे दोघांची एकमेकांशी खरी ओळख झाली. काटेवाल्यांनी डोळे मिटले, बाईंनी त्यांच्या तळहातावर एक पाकळी ठेवली. “हिला दव लागलंय,” काटेवाले म्हणाले. मग बाईंनी डोळे मिटले, काटेवाल्यांनी लांबवरची एक बादली पायाने किंचित ढकलली. “शेवंती, चौसष्ट, तीन उद्या जाणार,” बाई म्हणाल्या. तासभर हा प्रकार चालला. बाहेर गिऱ्हाइकं ताटकळली, पण एकानेही हाक मारली नाही. दोन गुणी माणसं समोरासमोर आली की मध्ये बोलायचं नसतं एवढी जाण त्या गल्लीला होती.

शेवटी बाईंनी हात पुसले आणि विचारलं, “पाकिटात किती?”

काटेवाल्यांनी पाकीटच पुढे ठेवलं. बाईंनी ते उघडलं नाही, नुसतं उचललं आणि खाली ठेवलं. कळलं त्यांना.

“आणि हॉल तो, रिळांच्या गोदामाचा.”

“हो.”

“हॉल भरायचा कुणासाठी? व्याह्यांसाठी?”

“नाही.”

“पाहुण्यांसाठी?”

“लेकीसाठी. तिला आत आल्यावर चहूकडे फुलं दिसली पाहिजेत.”

“मग हॉल कशाला भरायचा?” बाई म्हणाल्या. “तिची नजर भरू. उद्या तिला तिथे घेऊन या. काही तरी निमित्त काढा.”

निमित्त काढलं चपलांचं. नव्या चपला त्या फरशीवर घसरतात का बघू, असं सांगून काटेवाल्यांनी लेकीला नेलं. रखवालदाराने दार सताड उघडून खाली वीट लावली. लेक आत शिरली आणि हॉल बघत सावकाश चालू लागली. तिच्यामागे चार हातांवर कात्रीबाई, हातात खडू. लेकीने विचारलं, “या कोण?” काटेवाले म्हणाले, “फरशीवाल्या.” बाईंनी फरशीवाल्यासारखी मान डोलावली.

आता मागून चालणाऱ्या बाईला पुढच्या मुलीची नजर कशी दिसेल, असं कुणी तरी विचारणारच. कानातल्यांवरून. डावं कानातलं थरथरलं तर नजर उजवीकडे गेली, दोन्ही मागे झुकली तर वर, आणि एकदम थांबली तर तिथे मन बसलं. जिथे मन बसलं तिथल्या फरशीवर बाई खडूने फुली मारायच्या. डावीकडचा दुसरा खांब, त्याच्यावर लेकीने जाता जाता हात टेकला. उंच खिडकीची कड, जिथून उजेड उतरत होता. लग्न नोंदणी पद्धतीचं, म्हणून सह्या करायचं टेबल. टेबलामागची पडद्याची घडी. उजव्या भिंतीतला कोनाडा. वरून लोंबणारा, कधीच न लागणारा दिवा. अशा दहा फुल्या झाल्या.

मग लेकीने वळून विचारलं, “बाबा, तुम्ही कुठे बसणार?”

“पहिली रांग, कडेपासून तिसरी खुर्ची.”

त्यानंतर लेक टेबलापर्यंत जाऊन आली आणि तेवढ्यात तिने त्या तिसऱ्या खुर्चीकडे चारदा पाहिलं. बाईंनी तिथे फुली मारली, तिच्याभोवती गोल काढला.

लेक चपला तपासत बाहेर गेल्यावर काटेवाले त्या गोलापाशी आले. “इथे सगळ्यात जास्त, नाही का? इथे किती किलो?”

“इथे एक फूल नाही,” बाई म्हणाल्या. “इथे तुम्ही बसायचं. फुलं ठेवली तर झाकले जाल.”

काटेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांची ही सवय. काट्याचा आकडा अंधुक दिसला की ते चष्मा पुसायचे आणि दुसरं काही अंधुक दिसलं की तेव्हाही.

मग हिशेबाला बसले, दोघं, फरशीवरच. दहा जागा, अठ्ठावीस किलो. एकेका जागेला गच्च, ओसंडून वाहतील इतकी फुलं. बाई म्हणाल्या की त्या गुलाब आणि लिली घट्ट कळीत घेणार. मिटलेली कळी कुणाला नको असते, त्यामुळे ती निम्म्यात मिळते आणि अशी महागाची फुलंही पाकिटात बसतात. “उमलवायचं माझ्याकडे लागलं.”

सगळं जमलं, एक सोडून. काटेवाले मागे वळले. दाराची भिंत. गेल्या कित्येक लग्नांच्या सजावटीचे खिळे तिच्यावर ओळीने तसेच राहिलेले. काटेवाल्यांनी मोजले. एकवीस.

“आणि ही?”

“ही उघडी राहील.”

“चहूकडे म्हणाली होती ती. चहू म्हणजे चार.”

“काटेवाले, एक तर दहा जागी गच्च, नाही तर चारी भिंतींना विरळ. विरळ फुलं काय दाखवतात माहितीये? पाकीट. आत येणारी मुलगी समोर बघते. समोर नवरा, बाजूला तुम्ही. तिला वळायला कारण काय?”

“आणि वळली तर?”

कात्रीबाईंनी कात्री उघडली, मिटली. “तर एकवीस खिळे दिसतील,” त्या म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, तो धंदाच वेगळ्या माणसांचा.

काटेवाल्यांनी आयुष्यभर लोकांना ग्रॅमचा फरक दाखवून दिला होता. कुणाच्या काट्यात कधी हात घातला नव्हता. आता त्यांना स्वतःच्याच लेकीच्या पारड्यात तीन भिंती टाकून चार सांगायच्या होत्या. त्यांनी खिळे पुन्हा मोजले, एकवीसच. मग म्हणाले, “दहा जागी गच्च करा.” एवढं बोलायला त्यांना जितकं जड गेलं तितकं ट्रकचा काटा उचलायला गेलं नसतं.

लग्नाच्या दिवशी व्याही दुपारीच येऊन पोचले आणि किंचाळायचेच बाकी राहिले. “अहो, हे काय? या सगळ्या कळ्या आहेत. मुठी आवळून बसल्यात.”

“मुलगी कुठे आलीय अजून?” कात्रीबाई हिरव्या स्पंजमध्ये देठ खोचत म्हणाल्या. “तुमच्यासाठी उमलायचं होतं का?”

पहाटेपासून त्या एकट्या राबत होत्या. कोमट पाण्याच्या बादल्या, देठांना तिरपा काप, कळ्यांवर ओल्या कागदाच्या टोप्या. शिडीवरून उतरायच्या, लेकीच्या उंचीला मान वाकवून बघायच्या, पुन्हा चढायच्या. दोन बोटं डावीकडे. पुन्हा खाली. असं काम करणारं माणूस बघायला मिळणं हेच मुळात नशीब. काटेवाले कोपऱ्यात उभे राहून नुसते बघत होते. आपण चाळीस वर्षं ज्याला अचूकपणा म्हणत आलो, तो या बाईच्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसलाय, असं त्यांना वाटलं. ते वाटून त्यांना वाईट वाटलं नाही, उलट फार बरं वाटलं.

पाहुणे येऊन बसले. मग बाई प्रत्येक जागेपाशी गेल्या आणि कळ्यांच्या कानात काही तरी बोलल्या. काय बोलल्या ते शेजारच्या खुर्चीवरच्या मामांनी ऐकलं, आणि ऐकून ते स्वतः ताठ बसले.

दार उघडलं. लेक आत आली, मागे दार लागलं. आणि तिची नजर जिथे जिथे गेली तिथे तिथे कळ्या उमलल्या. आवाज करत उमलल्या, पन्नास माणसांनी एकदम छत्र्या उघडाव्यात तसा. खांब उमलला. कोनाडा उमलला. खिडकीची कड उमलली, तेव्हा बाहेरून एक मधमाशी काचेवर टकटक करून आत घ्या म्हणाली. सह्या करून घेणाऱ्या कारकुनाने दौत उलटी केली. वरची कबुतरं पहिल्यांदाच खाली वाकली. टेबलामागच्या पडद्यापाशी तर एवढी लिली फुलली की नवरदेवाला शोधायला व्याह्यांना हाक मारावी लागली.

आणि गंमत अशी की पाहुण्यांपैकी एकालाही उघड्या भिंती दिसल्या नाहीत. मुलगी आत येते तेव्हा सगळी माणसं मुलीकडे बघतात. फुलं बघते ती एकटी मुलगी. कात्रीबाईंनी तीस वर्षं हेच तर पाहिलं होतं, दाराआड उभं राहून. व्याही पुढे महिनाभर, मोटार शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला गिअर टाकता टाकता सांगत होते की हॉलमध्ये तीनशे किलो फुलं होती, वर छतापर्यंत.

सगळे पांगल्यावर कात्रीबाई रिकाम्या बादल्या एकात एक घालत होत्या. काटेवाल्यांना बघून त्यांनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली. औषधाची असते तशी, बूच लावलेली, आत स्वच्छ पाणी.

“नव्वद ग्रॅम,” त्या म्हणाल्या. “तुमची वाफ. घरपोच म्हणाले होते.”

काटेवाल्यांनी बाटली तळहातावर घेतली. “एक्याण्णव,” ते म्हणाले.

“एक माझ्याकडून.”

ती बाटली काटेवाल्यांनी जपून ठेवली, अजून त्यांच्या कपाटात आहे. आणि लेक? काटेवाल्यांनी तिसऱ्या खुर्चीवरून पापणी न लववता सगळं पाहिलं. ती दारातून आली, दहाच्या दहा जागी तिची नजर गेली, मग खुर्चीकडे आली आणि तिथेच राहिली. मागे वळून तिने पाहिलंच नाही. जगात एक मुलगी अशी आहे की जिच्या लग्नात चहूकडे फुलं होती, आणि मागच्या भिंतीवरचे ते एकवीस रिकामे खिळे तिला आजतागायत ठाऊक नाहीत.

खिडकीपाशी वाटाणे सोलायचा आवाज थांबला.

“मधमाशी चालेल, कबुतरं पण चालतील,” त्या बाई म्हणाल्या. “पण हे खोटं, बाबा. तुम्ही तेव्हा मान खाली घालून चष्मा पुसत होतात. मी वळले होते. आणि एकवीस नव्हते, तेवीस होते. दोन उघड्या दाराच्या मागे लपले होते, दार लागल्यावर दिसले.”